संकेश्वरी मिरचीत ताण सोसणाऱ्या झाडांची निवड : हुक्केरी तालुक्यातील एका शेतकरी गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले की पाऊस झपाट्याने उतरत जातो. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीचा पट्टा अतिपावसाचा आहे, तर अथणी-रायबागकडच्या जमिनीला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. हुक्केरी तालुका या दोहोंच्या मध्ये येतो. संकेश्वरच्या आसपासची आणि पलीकडे गडहिंग्लजच्या हद्दीला लागलेली गावे पिढ्यान्‌पिढ्या जिराईत मिरची घेत आली, ती या मधल्या पावसाच्या भरवशावर. लांब, पातळ सालीची, वाळल्यावर सुरकुतणारी आणि गडद लाल रंगाची ही संकेश्वरी मिरची कोल्हापूर-बेळगाव भागात घरोघरच्या चटणीत आणि कांदा-लसूण मसाल्यात पडते. गडहिंग्लजच्या सौद्यात (लिलावात) चांगल्या मालाला संकरित मिरचीहून वरचा भाव मिळतो. गावात तिला जवारी मिरची म्हणतात.

येथे मांडलेले प्रकरण अशाच एका गावातील नऊ-दहा कुटुंबांच्या गटाचे आहे. गावाचे आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. गटातील ज्येष्ठ शेतकऱ्यांना सगळे तात्या म्हणत आणि बी राखणाऱ्या ज्येष्ठ बाईंना आक्का, म्हणून येथेही तीच संबोधने ठेवली आहेत. गटाला सल्ला देण्याच्या कामात प्रस्तुत लेखक सुरुवातीपासून होता.

संकेश्वरी हा काटेकोर अर्थाने एकच वाण नाही. एकमेकांच्या जवळच्या अनेक प्रकारांची ती मिसळ आहे. मिरचीचे फूल स्वतःच्या परागानेही फळते. मात्र मधमाश्या आणि इतर कीटकांमुळे शेजारच्या झाडाचा परागही त्यावर पुष्कळदा येतो. त्यामुळे एकाच शेतात उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा फुलणारी, रुंद आणि अरुंद पानांची झाडे मिसळलेली असतात. त्यात सीमाभागातील सोयरिकींची भर पडते. लेकी-सुनांबरोबर आणि पाहुण्यारावळ्यांबरोबर बी गडहिंग्लज, कागल, निपाणी, चिकोडी असे फिरत राहिले आहे. बाजारासाठी ही सरमिसळ गैरसोयीची असली, तरी ज्याला निवड करायची आहे त्याच्यासाठी तेच भांडवल असते.

पाटाचे किंवा विहिरीचे पाणी जिथे आले तिथे उसाने मिरचीची जागा घेतली. उरलेल्या जिराईत रानात सोयाबीन शिरले, आणि हिरव्या मिरचीसाठी संकरित जातींचे प्लॉट उभे राहिले. जवारी मिरची मागे सरत सरत माळाच्या हलक्या, मुरमाड तुकड्यांवर जाऊन थांबली. पाणी धरून ठेवण्याची ताकद ज्या जमिनीत कमी, तिथेच हे पीक राहिल्यामुळे पावसातला प्रत्येक खंड त्याला दुप्पट जाचू लागला.

अडचण

२०२३ चा पावसाळा या गटाच्या कायम लक्षात राहील. मृग कोरडा गेला, जुलैत पाऊस झाला आणि लोकांनी तरू (वाफ्यात वाढवलेली रोपे) उपटून लागण केली. त्यानंतर आलेला ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटक सरकारने पुढे राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. मघा गेली, पूर्वा गेली, आणि झाडे नेमकी फुलावर आली असताना जमिनीत ओल उरली नव्हती.

अशा वेळी झाड लगेच मरत नाही. ते आधी फुले टाकते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते, त्याने बाष्प वाचते, पण बाष्पाबरोबर जाणारी उष्णताही पानात अडकते आणि भर दुपारी पान भोवतालच्या हवेहून गरम होते. म्हणून हवेचे तापमान फारसे चढलेले नसतानाही पाण्याच्या ताणातले झाड उष्णतेच्या ताणात सापडते. मिरचीत सर्वांत नाजूक काळ पराग तयार होण्याचा, म्हणजे फूल उमलण्याआधीचे सुमारे दोन आठवडे. त्या दिवसांत बसलेला चटका उमललेल्या फुलात डोळ्यांना दिसत नाही. फूल दिसायला चांगले असते, पराग मात्र निकामी झालेला असतो, आणि चार-सहा दिवसांत देठाजवळ पिवळे पडून ते गळते. यावर फुलकिड्यांचा प्रादुर्भाव आणि त्यामागोमाग चुरडा-मुरडा (पाने वळून आकसण्याचा रोग), असे दुखणे त्या वर्षी गावात सगळीकडे होते.

गटाच्या बहुतेक शेतांत पहिला बहर पूर्ण गळाला. तरीही प्रत्येक शेतात काही झाडे फळे धरून उभी होती. ही झाडे खरोखर वेगळ्या वकुबाची आहेत, की केवळ चांगल्या जागी उभी आहेत, हा प्रश्न पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होता.

बियाण्याची जुनी रीतही याच सुमारास चर्चेला आली. मिरची वाळून ढीग पडला की आक्का त्यातून लांब, गडद आणि देठ घट्ट असलेल्या मिरच्या वेचून बियाण्याला बाजूला काढत. रंग आणि लांबी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अशा निवडीमुळेच. पण ढिगातल्या मिरचीवरून तिचे झाड कळत नाही. ज्या झाडाने चारच फळे धरली त्याचे सगळे अन्न त्या चार फळांना मिळते, आणि तीच मिरची ढिगात सर्वांत लांब, भरलेली दिसते. म्हणजे दुष्काळी वर्षात ढिगातून बी धरणे हे कित्येकदा फुले टाकणाऱ्या झाडाचेच बी धरणे ठरते. ही गोष्ट आक्कांनी ऐकली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग मिरची बघायच्या आधी झाड बघाय पाहिजे." पुढचे सगळे काम या एका वाक्यावर उभे राहिले.

समोरचे पर्याय

मिरची सोडून सोयाबीन घ्यावे, असे गटातील दोघांचे मत होते, आणि ते चुकीचे म्हणता येत नव्हते. त्यांच्या शेतात खरोखरच काही उरले नव्हते. ठिबक आणि आच्छादनावर संकरित जात घेण्याचा पर्याय तरुण मंडळींना पटत होता. पण त्या वर्षी बोअरवेलच आटल्या होत्या, आणि ज्याच्याकडे पाणी आहे त्याने करायचे उत्तर ज्याच्याकडे नाही त्याच्या उपयोगाचे नव्हते.

संशोधन संस्थांनी दिलेला सरळ (संकरित नसलेला) वाण आणण्याचा पर्याय अधिक गंभीरपणे तपासला गेला. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का लोहित हा निवडीतून आलेला वाण जिराईत लागवडीसाठीही सांगितला जातो. त्याची अडचण ताण सोसण्यात नव्हती. त्याची साल गुळगुळीत आणि तिखटपणा जास्त. संकेश्वरीच्या सौद्यात त्याला संकेश्वरीचा भाव मिळणार नाही, हे तात्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले. भाव गेला तर जिराईत मिरचीचे गणितच बसत नाही.

मग संकर करावा का? ताण सोसणारा एखादा वंश घेऊन संकेश्वरीशी संकर करायचा, पुढच्या पिढ्यांत पुन्हापुन्हा संकेश्वरीकडे वळवत न्यायचे, ही पैदास शास्त्रज्ञांची सिद्ध वाट आहे. त्यातून स्थिर वाण हाती यायला सहा-सात पिढ्या लागतात आणि प्रत्येक पिढीत मोठ्या संख्येने झाडे वाढवून तपासावी लागतात. जिल्ह्यात अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, बागलकोटला उद्यानविद्या विद्यापीठ आहे. हे काम अशा ठिकाणचे आहे, शेतकऱ्याच्या दोन एकरांत ते पेलत नाही.

उरला तो पर्याय म्हणजे गावच्याच मिसळीतून निवड. यात नवीन गुण बाहेरून येत नाही, म्हणून प्रगतीला मर्यादा असते. जे आहे त्यातले चांगले वेगळे काढता येते, एवढेच. पण बाजारातली ओळख शाबूत राहते, खर्च थोडा असतो आणि काम त्याच हंगामात सुरू करता येते. गटाने हा पर्याय घेतला. माझ्या मते त्या परिस्थितीत तो योग्य होता, आणि संकराचा मार्ग त्याने बंदही होत नव्हता.

पहिला निर्णय : कोणते झाड निवडायचे

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ताण अजून डोळ्यांना दिसत असतानाच झाडांना खुणा करायचे ठरले. काही जणांनी आधीच उत्साहाने आपापल्या शेतातील सर्वांत भरलेल्या झाडांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. शेतात फिरताना एक गोष्ट लगेच लक्षात आली की या चिंध्या बहुतांशी बांधाकाठी, जुन्या ओघळीच्या तोंडाशी आणि बैलगाडीच्या वाटेच्या कडेला गोळा झाल्या होत्या. तिथे माती वाहून येऊन साठलेली, खोल आणि ओल धरणारी. अशा जागी कोणतेही झाड चांगलेच दिसते.

यावर वापरलेला उपाय मक्याच्या पैदाशीतला आहे. अमेरिकेतील नेब्रास्का येथे सी. ओ. गार्डनर यांनी १९६१ मध्ये तो मांडला. शेताचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातून त्या चौकोनापुरते सर्वांत सरस झाड घ्यायचे. त्यामुळे हलक्या जमिनीतल्या झाडाची तुलना हलक्या जमिनीतल्याच शेजाऱ्यांशी होते, आणि भारी जमिनीला आपोआप मिळणारा फायदा बराचसा वजा होतो. मुरमाड कोपऱ्यात गुडघ्याएवढे वाढलेले, पण भोवतालची सगळी झाडे रिकामी असताना वीस-पंचवीस फळे धरलेले झाड अशा पद्धतीत निवडले जाते. नुसत्या नजरेने फिरणाऱ्याच्या ते नजरेतही येत नाही. चौकोनांतून निवडलेल्या झाडांना पिवळ्या चिंध्या बांधल्या.

यावर गटात वाद झाला. ज्यांनी आधी लाल चिंध्या बांधल्या होत्या त्यांना आपली झाडे वगळली जाणे मान्य नव्हते. तात्यांनी तोडगा काढला की दोन्ही रंगांची झाडे घ्यायची, पण त्यांचे बी आणि त्यांची नोंद वेगळी ठेवायची. समजूत घालण्यासाठी काढलेला हा तोडगा पुढे या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय ठरला, कारण त्यामुळे दोन पद्धतींची तुलना आपोआप जमून आली.

आणखी एक दक्षता घेतली गेली. चुरडा-मुरड्यापासून वाचलेले झाड फळांनी भरलेले दिसते, म्हणून ते ताण सोसणारे ठरत नाही. ज्या चौकोनात रोगाचा फरक फार होता तो चौकोन सोडून दिला. अखेर दोन्ही रंगांची मिळून साठेक झाडे उरली. प्रत्येक झाडाची फळे वेगळी तोडली, वेगळी वाळवली, आणि बी कागदी पाकिटात भरून वर झाडाचा क्रमांक, शेत आणि जागा लिहिली. या झाडांची आई माहीत होती, पण बाप नव्हता. फुले उघड्यावर फळलेली असल्याने कोणत्या परागाने फळ धरले हे सांगता येत नव्हते.

दुसरा निर्णय : निम्मे बी राखून ठेवायचे

पाकिटातले सगळे बी पुढच्या मृगात पेरावे, अशी साहजिक घाई होती. मिरचीच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोनशे बिया असतात, म्हणजे एका झाडाचे बीसुद्धा चाचणीला पुरून उरते. प्रत्येक पाकिटातले निम्मे बी नीट वाळवून हवाबंद डब्यात ठेवायचे आणि उरलेले तीन ठिकाणी, एका झाडाच्या बियांची एक ओळ अशा रीतीने, लावून बघायचे, असे ठरले (पुढे ओळ म्हणजे अशी एका झाडाची संतती). तीन ठिकाणे म्हणजे एक नदीकाठचे काळे रान, एक मध्यम आणि एक माळावरचे मुरमाड. ठरावीक ओळींनंतर आक्कांच्या घरातले ढिगातून धरलेले बी तुल्यवाण म्हणून लावले, म्हणजे शेतातल्या शेतात तुलनेला आधार राहील.

आणि २०२४ चा पावसाळा भरपूर झाला. देशभर सरासरीच्या १०८ टक्के पाऊस पडला, सीमाभागातही खंड असा पडलाच नाही. ताण सोसणारे झाड ओळखायचे तर ताण पडायला हवा, तोच पडला नाही. सगळ्या ओळी हिरव्यागार वाढल्या, आणि फळधारणेत तुल्यवाणाहून सरस अशी एकही ओळ ठळकपणे उठून दिसेना.

तरी ते वर्ष फुकट गेले नाही. सततच्या ओलीने फळकुज आणि फांद्या वाळण्याचा रोग वाढला, आणि त्याला लगेच बळी पडणाऱ्या ओळी उघड झाल्या. त्या काढून टाकल्या. दुष्काळात तगणारे पण ओल्या वर्षात कुजणारे पीक शेतकऱ्याच्या कामाचे नाही, आणि या भागात दोन्ही प्रकारची वर्षे आलटून पालटून येतात. काळ्या रानात फक्त भरपूर वाढणाऱ्या, पण मुरमाड रानात मागे पडलेल्या ओळीही बाजूला झाल्या.

या हंगामात निम्म्या बियाच पेरल्या होत्या, याचे महत्त्व तेव्हा सर्वांना पटले. ओल्या वर्षात मोकळ्या शेतात फुललेल्या झाडांवर शेजारच्या संकरित प्लॉटचा परागही आला असणार, म्हणून त्या हंगामातले बी पुढे वापरता येणार नव्हते. प्रमाणित मिरची बियाण्यासाठी दुसऱ्या जातीपासून २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर ठेवावे लागते. गावच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत ते मिळणे कठीण. डब्यात राखलेले २०२३ चे मूळ बी मात्र जसेच्या तसे होते, आणि ओळींच्या कामगिरीवरून कोणते पाकीट पुन्हा उघडायचे हे आता ठरवता येत होते.

तिसरा निर्णय : उन्हाळ्यात मुद्दाम ताण द्यायचा

निसर्गाच्या दुष्काळाची वाट बघत बसायचे, की ताण आपणच द्यायचा? उद्यानविद्येच्या एका प्राध्यापकांनी दुसरा मार्ग सुचवला. एका सदस्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असे. तिथे नोव्हेंबरअखेर तरू टाकून जानेवारीत लागण करायची, झाडे नीट जमिनीला लागेपर्यंत नियमित पाणी द्यायचे, आणि मार्चमध्ये फुले येऊ लागली की पाण्याच्या पाळ्या लांबवायच्या.

ताण किती द्यायचा यावर बरीच चर्चा झाली, कारण इथे दोन्हीकडून नुकसान होते. ताण हलका असला तर झाडाझाडांत फरकच दिसत नाही. तो फार कडक असला तर चांगले-वाईट सगळेच फुले टाकते, आणि उरलेला फरक झाडाच्या गुणाचा नसून त्याच्या बुंध्याखाली दगड किती आहे याचा असतो. म्हणून एक साधा नियम धरला : दुपारी पाने कोमेजली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर पाणी न देता थांबायचे, सकाळीही पाने ताठ दिसली नाहीत, तर त्या दिवशी पाणी द्यायचे. मार्च-एप्रिलच्या उन्हाने दुसऱ्या, म्हणजे उष्णतेच्या, ताणाची सोय केलीच होती.

फळधारणा मोजण्याची पद्धत आक्का आणि त्यांच्या सुनेने बसवली. सकाळी त्या दिवशी उमललेल्या फुलांच्या देठाला शिवणाच्या दोऱ्याचा सैल फास घालायचा, दर दिवसाचा रंग वेगळा. दहा दिवसांनी त्या रंगाचे किती दोरे फळाला आहेत आणि किती मोकळ्या देठाला किंवा जमिनीवर आहेत हे मोजायचे. हिरवा दोरा सोमवारचा, निळा मंगळवारचा, असे कोष्टक भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेले होते. काही ओळींत जमिनीवर पडलेले दोरे झाडावरच्या दोऱ्यांपेक्षा जास्त होते, आणि काही ओळींत ते उलटे होते. निवडक ओळींचा पराग प्रयोगशाळेत रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. ज्या ओळींत दोरे झाडावर राहिले त्यांत रंग धरणारे, म्हणजे सशक्त पराग जास्त होते. एका साध्या दोऱ्याने प्रयोगशाळेशी जुळणारा निष्कर्ष दिला, याचे समाधान गटातील प्रत्येकाला वाटले, आणि मलाही.

मेच्या उत्तरार्धात अवकाळी पावसाने जोर धरला आणि २०२५ चा मान्सूनही लवकर, २४ मेला केरळात दाखल झाला. पण तोवर फळधारणेच्या नोंदी पूर्ण झाल्या होत्या.

या चाचणीत लाल आणि पिवळ्या चिंध्यांचा निकाल लागला. बांधाकाठच्या लाल चिंधीच्या झाडांची संतती जवळजवळ सगळी तुल्यवाणाच्या बरोबरीलाच राहिली. त्यांच्या आयांचे मोठेपण खोल मातीचे होते. टिकलेल्या सहा ओळींपैकी पाच पिवळ्या चिंधीच्या झाडांच्या होत्या. ज्यांची झाडे वगळली गेली त्यांनी हा निकाल शेतात स्वतः मोजून पाहिला होता, त्यामुळे वाद उरला नाही.

याच काळात निवडलेल्या झाडांचे पुढचे बी शुद्ध राहावे म्हणून फुले उमलण्याआधी झाडांवर जाळी घातली. बाजारातली कीडरोधक जाळी महाग पडत होती. आक्कांनी घरातल्या जुन्या मच्छरदाण्या उसवून, बांबूच्या कमानींच्या मापाने शिवून दिल्या.

निष्पत्ती

सहा ओळींत दोन तऱ्हा स्पष्ट दिसल्या. काही ओळी लवकर फुलणाऱ्या आणि बुटक्या होत्या. खंड पडायच्या आत त्यांची पहिली फळे धरून झालेली असत. यांनी दुष्काळ सोसला असे म्हणण्यापेक्षा चुकवला असे म्हणणे बरोबर. चांगल्या पावसाच्या वर्षी मात्र त्या एकूण उत्पन्नात मागे पडत. दुसऱ्या ओळी उशिराने फुलत, पण कोरड्या दिवसांतही फूल धरून ठेवत आणि पाऊस आल्यावर पुन्हा बहर घेत. एकाच ओळीवर भिस्त ठेवण्याऐवजी दोन्ही तऱ्हांच्या ओळींचे बी एकत्र करून लावायचे, असे गटाने ठरवले. पाऊस लवकर तुटला तर पहिली तऱ्हा हात देईल, मध्ये खंड पडून पुन्हा आला तर दुसरी.

सर्वांत कणखर ओळ मात्र या मिश्रणात नाही. उन्हाळी चाचणीत तिने सर्वाधिक फुले टिकवली होती, पण तिची मिरची आखूड आणि सालीला जाड होती. २०२५ च्या खरिपातला तिचा माल गडहिंग्लजला दाखवला, तेव्हा अडत्याने एक मिरची मोडली, वास घेतला, साल बोटांत चोळून पाहिली आणि सांगितले, "तात्या, माल चांगला आहे, पण ह्याला मी संकेश्वरी म्हणून पुकारू शकत नाही." ती ओळ मुख्य बियाण्यातून काढली आणि संकरासाठी महाविद्यालयाकडे दिली. तिचा कणखरपणा पातळ सालीत आणता आला, तर ते काम तिथेच होईल.

मिश्रणाचे बी गटातील सर्व कुटुंबांनी आणि हद्दीपलीकडच्या काही पाहुण्यांनी लावले. २०२५ चा पाऊसही भरपूर असल्याने मोकळ्या शेतात खऱ्या दुष्काळाची परीक्षा अजून व्हायची आहे. म्हणून हाती आलेल्या निष्कर्षाची व्याप्ती एवढीच : नियंत्रित ताणात हे बी जुन्या बियाण्याहून जास्त फुले टिकवते, ओल्या वर्षात ते जुन्याहून कमी पडत नाही, आणि त्याचा माल बाजारात संकेश्वरी म्हणून खपतो. गावात मिरची सोडू म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाने पुन्हा अर्धा एकर लावली आहे. दुसऱ्याने सोयाबीन कायम ठेवले आहे, आणि त्याचे कारण मजुरीचे आहे. मिरचीचे तोडे करायला माणसे मिळत नाहीत, आणि वाणाच्या निवडीने ती अडचण सुटत नाही.

वेगळे काय करता आले असते

अडत्याला आणि मसाला कांडणाऱ्या बायकांना पहिल्याच वर्षी शेतात आणायला हवे होते. जाड सालीची ओळ दोन हंगाम वाढवून, जाळीखाली ठेवून, दोरे बांधून मग बाजारात नाकारली गेली. २०२३ च्या पाकिटांबरोबर प्रत्येक झाडाच्या दोन-दोन मिरच्या जपून ठेवल्या असत्या, तर साल आणि रंग पाहून ती गोष्ट पहिल्या महिन्यातच कळली असती.

मुळांकडे या कामात जवळजवळ कोणीच पाहिले नाही, आणि मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते. तरू उपटताना मिरचीचे सोटमूळ तुटते आणि पुढे बाजूची मुळेच वाढतात. ज्या झाडात मूळ खोल नेण्याचा गुण असेल, तो लागणीच्या पद्धतीत दिसतच नाही. निवडलेल्या ओळींचा एक छोटा तुकडा थेट टोकणीने घेऊन, हंगामाअखेर बुंध्याशेजारी खड्डा काढून मुळे पाहिली असती, तर फूल टिकवणाऱ्या ओळींना पाणी कुठून मिळते हे समजले असते. टोकणीला बी जास्त लागते, भांगलण वाढते आणि पावसाने दगा दिला तर उगवणच होत नाही, म्हणून शेतकरी ती टाळतात. पण चाचणीसाठी दोन गुंठे पुरेसे होते.

उन्हाळी चाचणी एकाच विहिरीवर झाली. तिचे निकाल आणि खरिपातल्या खंडाचे निकाल सारखेच लागतील असे धरून चालता येत नाही, कारण मार्चमध्ये हवा कोरडी आणि ऊन कडक असते, तर ऑगस्टच्या खंडात आभाळ झाकोळलेले आणि हवा दमट असू शकते. माळावरच्या एका कोपऱ्यात खरिपातच प्लास्टिकचे छप्पर उभारून थोड्या झाडांवरचा पाऊस अडवता आला असता. खर्चाच्या भीतीने तो विचार बैठकीत लवकर सोडून दिला गेला.

नोंदणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी करता येते. त्यासाठी वाण नवा असण्याची अट नाही, पण तो इतरांहून वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. गटाचे बी मुद्दाम दोन तऱ्हांचे मिश्रण ठेवलेले, म्हणून ते एकसारखेपणाच्या कसोटीला उतरणार नाही. तरुण सदस्यांना एक ओळ शुद्ध करून तिची नोंदणी करावी असे वाटते, म्हणजे गावाचे नाव लागेल आणि उद्या दुसऱ्या कोणी हक्क सांगणार नाही. तात्यांचा आग्रह मिश्रणाचा आहे. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याची, पेरण्याची, वाटण्याची आणि ब्रँड न लावता विकण्याची मोकळीक दिली आहे, तेव्हा नोंदणीवाचून गावाचे काही अडत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझा कल दोन्ही करण्याकडे आहे : उशिरा फुलणाऱ्या ओळींपैकी एक जाळीखाली शुद्ध करत नोंदणीकडे न्यावी, आणि शेतात मात्र मिश्रणच राहावे. गटाने यावरचा निर्णय पुढच्या मृगाच्या बैठकीपर्यंत लांबवला आहे, आणि तोवर सहाही ओळींचे मूळ बी तीन घरांत वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आहे, त्यांपैकी एक घर गडहिंग्लज तालुक्यात आहे.